मी दारुडा ठरवलेल्या माणसाच्या देशात

फाउस्तिनो नावाच्या एका रिक्षावाल्याला मी न पाहताच दारुडा ठरवलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे डोंगर, सरोवर, बटाटे वगैरे बरंच येणार आहे, आणि ते वाचताना मी पेरू देशात हौसेने फिरायला गेलो होतो असा कोणाचा समज व्हायला नको.

मी कुरुळीतल्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम पाहतो. आम्ही गाड्यांच्या केबल बनवतो. आमच्या केबल बसवलेल्या तीनचाकी रिक्षा जहाजाने पेरूला जातात. तिथून कधीमधी वॉरंटीचे क्लेम यायचे. असाच एक आला. हुलियाका नावाच्या शहरात भल्या सकाळी एका रिक्षाची एक्सलेटर केबल अडकली, मूठ सोडली तरी गाडी थांबेना, ती भिंतीवर आदळली आणि चालकाचा गुडघा मोडला. सोबत फोटो होते. एका फोटोत तीच रिक्षा फुलांच्या माळा आणि रंगीत कागदी फिती लावून उभी होती. टपावरून फेस ओघळत होता, आणि शेजारी चालक हातात बिअरची बाटली धरून हसत होता.

त्या दिवशी ऑडिट होतं, मी घाईत होतो. पण खरं कारण घाई नव्हतं. आमच्या घरात पंचशील पाळतात. दारूला मी कधी शिवलो नाही, आणि बाटली दिसली की माझं डोकं फिरतं. मी उत्तरात लिहिलं: चालक मद्यपान करतो, गाडीवर बिअर ओतल्याचं फोटोत स्पष्ट दिसतं, चिकट द्रव केबलमध्ये जाऊन ती अडकली, क्लेम नामंजूर. सही केली आणि जेवायला गेलो.

बऱ्याच महिन्यांनी व्हिडिओ मीटिंगमध्ये तिथल्या वितरकाकडची नवी मुलगी, यानेत, म्हणाली, "इंजिनियरसाहेब, त्या डॉन फाउस्तिनोंना रिक्षा संघटनेने काढून टाकलं. तुमचं उत्तर सभेत वाचून दाखवलं गेलं." (डॉन म्हणजे तिकडचं 'श्रीयुत', आणि बाईला डोन्या.) रागाने नाही, नुसती माहिती म्हणून. मी "ओके, नोटेड" म्हणालो आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो.

नंतर मात्र माझं चित्त लागेना. माझे वडील पिंपरीत एका कंपनीत भट्टीवर होते. त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. तरी सेकंड शिफ्टला गेटवरचा सुपरवायझर आमच्या वस्तीतल्या माणसांनाच तोंड उघडायला लावून वास घ्यायचा. वडील घरी येऊन पाण्याने चुळा भरत बसायचे. त्यांचा मुलगा शिकला, टेबलावर बसला, आणि त्याने तेच केलं. तेसुद्धा वास न घेता.

तिकडच्या पुढच्या थंडीत हुलियाकाच्या उंच पठारावरून तशाच अडकलेल्या केबलचे आणखी क्लेम आले आणि कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघावं असं ठरलं, तेव्हा मी हात वर केला. कॅन्टीनमध्ये पोरांनी लगेच सुरू केलं, "पेरूला चाललाय राव? येताना दोन किलो आणा, मीठमसाला इथला लावू." बायकोने, सुनंदाने, बॅग भरताना विचारलं, "अहो, केबल बघायला एवढ्या लांब? खरं सांगा." मी सांगितलं. ती स्वेटरच्या घड्या घालत राहिली आणि मग म्हणाली, "मग त्याला भेटल्याशिवाय येऊ नका."

लिमा

लिमा ही राजधानी समुद्राला लागून आहे. आपल्या मनात किनारा म्हणजे कोकण: नारळ, भात, धो धो पाऊस, आणि घाट चढून वर आलं की कोरडा देश. पेरूने हे सगळं उलटं करून ठेवलंय. तिथे किनारा म्हणजे वाळवंट. लिमाच्या टेकड्यांवर गवताचं पातं नाही. त्यामागे अँडीज पर्वताची भिंत उभी राहते, आणि ती ओलांडून पलीकडे उतरलं की ॲमेझॉनचं ओलं जंगल. वाळवंट, डोंगर, जंगल असे तीन पट्टे, आणि एका पट्ट्यातल्या माणसाला दुसऱ्याची भाकरीसुद्धा ओळखीची नसते.

मी गेलो तेव्हा जून होता, तिकडचा हिवाळा. आकाश करड्या कांबळ्यासारखं खाली आलेलं. हवेत सतत ओल, पण छत्री कोणाकडेच नाही. शहराच्या कडेला वाळूच्या टेकड्यांवर विटांची, पत्र्याची घरं एकावर एक चढत गेलेली, आणि त्यांच्यामधून आपल्या रिक्षा घरघरत वर जात होत्या. त्यांचा आवाज ऐकून मला चाकणच्या चौकात उभं असल्यासारखं वाटलं.

विमानतळावर नेणारा टॅक्सीवाला यानेतच्या ओळखीचा होता, थोडं इंग्रजी बोलायचा. मी विचारलं, "तुमचे राष्ट्राध्यक्ष कोण आता?"

"थांबा, रेडिओ लावून बघतो," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. "सकाळी जे होते तेच असावेत."

चेष्टा सोडली तर गोष्ट गंभीर होती. तिथे राष्ट्राध्यक्षाला लोक थेट निवडून देतात, पण संसद त्याला काढू शकते, आणि गेल्या काही वर्षांत तिने ते इतक्यांदा केलंय की लोकांनी नावं लक्षात ठेवायचं सोडलंय. माजी राष्ट्राध्यक्षांपैकी बरेच तुरुंगात. मतदान मात्र सक्तीचं. नाही केलं तर दंड.

"श्रीमंत भागात दंड जास्त, गरीब भागात कमी," तो म्हणाला. "म्हणजे आमचं मत स्वस्त."

"आमच्याकडे सक्ती नाही," मी म्हणालो. "आमच्या सोसायटीतली माणसं मतदानाची सुट्टी धरून लोणावळ्याला जातात."

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "आणि तरी तुमचं सरकार टिकतं?"

हुलियाका

लिमाहून विमान उडालं की ढगांच्या वर लगेच पर्वत येतात, तपकिरी, बर्फाने टोकं पांढरी झालेले. थोड्या वेळाने विमान खाली उतरायच्या ऐवजी जमीनच वर आल्यासारखी वाटते. हुलियाका हे त्या उंच पठारावरचं शहर. आपलं कळसूबाई तिथल्या माणसाला खड्ड्यात वाटेल.

यानेत घ्यायला आली होती. तिशीतली, बुटकी, दोन स्वेटर घातलेली. पूर्वी पर्यटकांबरोबर हिंडायची, त्यामुळे तिचं इंग्रजी चांगलं होतं. मी बॅग उचलून ताडताड चालायला लागलो तर ती ओरडली, "हळू, इंजिनियरसाहेब! इथे म्हाताऱ्या लामासारखं चालायचं." लामा म्हणजे तिथला ओझी वाहणारा, उंटासारखा प्राणी. मी हसलो, दहा पावलं गेलो, आणि पार्किंगमध्ये भडाभडा ओकलो. एक बाई डोक्यावर काळी गोल हॅट आणि घेरदार परकर घालून शेंगा विकत बसली होती. तिने माझ्याकडे बघून यानेतला काहीतरी सांगितलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, याचा चेहरा आमच्यासारखाच आहे, पण फुप्फुसं लिमाची आणलीत."

हॉटेलात कोकाच्या पानांचा गरम चहा देतात, त्याने डोकं हलकं होतं. बॅग उघडली तर सुनंदाने दिलेल्या चिवड्याची पाकिटं फुग्यासारखी टम्म फुगलेली, आणि एक फुटून सगळा चिवडा सुटाच्या बाह्यांत शिरलेला. यानेतने त्यातले दाणे वेचून खाल्ले. "शेंगदाणा आमचा," ती म्हणाली. "बटाटा आमचा. मिरचीसुद्धा आमच्याच खंडाची. तुम्ही इतकी शतकं उधारीवर जेवताय." वडापावमध्ये आपलं काय उरलं, याचा मी त्या रात्री बराच विचार केला. उरलं ते बेसन.

शहर देखणं नाही. कच्च्या विटांच्या अर्धवट इमारती, बोचरा वारा, धूळ, बाजार, आणि सगळीकडे तीनचाकी. भोसरी-चाकणच्या माणसाला परकं वाटू नये असं. लोक केचुआ आणि आयमारा या आपल्या जुन्या भाषा बोलतात, स्पॅनिश कामापुरती. काही वर्षांपूर्वी सरकारविरोधी आंदोलनात इथली माणसं मारली गेली. ते जिथे घडलं, त्या विमानतळाजवळच्या रस्त्यावरून आम्ही गेलो. पुढे गेल्यावर यानेत एवढंच म्हणाली, "लिमा लांब आहे. विमानाने नाही, तशी लांब आहे."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना ती मला रिक्षा स्टँडवर घेऊन गेली. थंडी अशी की नाकातला श्वास टोचत होता. डबक्यांवर बर्फाची साय. आणि स्टँडवर एक रांग: प्रत्येक चालक आपल्या रिक्षाच्या मुठीवर किटलीने गरम पाणी ओतत होता. एका हातात किटली, दुसऱ्या हाताने मूठ पिळून बघायची, पुन्हा ओतायचं. वाफांमधून त्यांची संघटनेची नारिंगी जाकिटं दिसत होती.

"हे रोज करता?" मी विचारलं.

"कॉफी मिळत नाही, म्हणून गाडीला पाजतो," एक जण म्हणाला. बाकीचे हसले.

मी मुठीखालची केबल बघितली. तिच्या तोंडावर आम्ही रबराची छोटी टोपी बसवतो, आत पाणी जाऊ नये म्हणून. त्या उंचीवरचं ऊन कडक. टोप्या उन्हाने तडकून वाळल्या चिंचेसारख्या झाल्या होत्या. पावसाळ्यात पाणी आत शिरत होतं आणि थंडीत गोठत होतं. एकीत, दुसरीत, दहावीत, सगळीकडे तेच. आम्ही त्या टोप्या कुरुळीत तपासल्या होत्या: उष्णतेत, खाऱ्या फवाऱ्यात. इतक्या उन्हात आणि मग इतक्या थंडीत, असं नाही. बिअरचा यात काही संबंध नव्हता. मी त्या वाफेत उभा राहून एकेका टोपीचे फोटो काढत गेलो.

सरोवराच्या वाटेवर

फाउस्तिनोंचं घर शहराबाहेर, तितिकाका सरोवराच्या बाजूला. हे सरोवर अर्धं पेरूत, अर्धं शेजारच्या बोलिव्हियात, आणि एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. निळा रंग इतका गडद की डोळे दुखतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत काळे-पांढरे गोटे पसरलेले दिसले. ते बटाटे होते. रात्री थंडीत उघड्यावर गोठवायचे, दिवसा उन्हात ठेवून पायांनी तुडवून पाणी काढायचं, पुन्हा गोठवायचं. मग ते वर्षानुवर्षं टिकतात. आपल्याकडे गच्चीवर कुरडया-सांडगे घालतात, तसं हे थंडीचं वाळवण.

वाटेत यानेतने मला त्या फोटोचा अर्थ सांगितला. कार्निव्हलच्या दिवसांत तिथे घर, दुकान, गाडी, जे पोटाला देतं ते सजवतात आणि त्यावर बिअर शिंपडतात. पहिली धार जमिनीला, धरतीमातेला. फाउस्तिनोंनी तो फोटो क्लेमला मुद्दाम जोडला होता, आपण गाडीची किती निगा राखतो ते कंपनीला कळावं म्हणून. अपघात त्यानंतर कित्येक आठवड्यांनी झाला होता.

घर मातीच्या विटांचं, छपरावर मातीचे दोन छोटे बैल बसवलेले. फाउस्तिनो पन्नाशीचे, रुंद चेहऱ्याचे. आता ते मालवाहू तीनचाकी सायकल चालवतात. उजवा गुडघा नीट वाकत नसल्याने एका पायाने जोर लावतात. त्यांची बायको डोन्या एलेना हिने गरम सूप पुढे ठेवलं. त्यात तेच काळे बटाटे, मातीसारख्या वासाचे. मी दोन वाट्या संपवल्या.

मी कोण हे यानेतने सांगितलं. मी फोन काढून कारखान्यातल्या खंडेनवमीचा फोटो दाखवला: प्रेस मशीनला झेंडूची माळ, हळदकुंकू, फोडलेला नारळ. आमच्या घरी दसऱ्याचं कारण वेगळं असतं, मी स्वतः नारळ फोडत नाही. पण त्या मशीनसमोर उभा राहून पेढा दरवर्षी खातो.

एलेनाबाईंनी फोन हातात घेतला. "या फळातलं पाणी मशीनवर उडतं?"

"उडतं."

"मग मशीन बंद पडलं तर तुम्ही कामगाराला काय लिहून देता?"

यानेतने हे भाषांतर करताना माझ्याकडे बघायचं टाळलं. मी म्हणालो, "काहीच नाही. मशीन दुरुस्त करतो."

तेव्हा फाउस्तिनो पहिल्यांदा बोलले. "त्या दिवशी मी एक ग्लास घेतला होता. खोटं सांगणार नाही. गाडी दिवसभर दारातच होती. एरवी मी पीत नाही, हे माझ्या बायकोला माहीत आहे."

मी खुर्चीवरून उठलो. "डॉन फाउस्तिनो, मी तुमची..."

"इथे नको," त्यांनी हात वर केला. "या घरात कोणाचा गैरसमज नाही. कागद सभेत वाचला. माझं जाकीट सभेत काढून घेतलं, माझ्या मेव्हण्यासमोर, सगळ्यांसमोर. तुम्हाला बोलायचं असेल तर रविवारी तिथे या. नसेल तर सूप प्यालात, चांगलं झालं. सुखाने जा."

रविवार

शनिवारी सकाळी मी कुरुळीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. आमचे प्लांट हेड शिंदेसाहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्यावरही वरून दबाव असतो. मी त्यांना टोप्यांचं आणि रविवारच्या सभेचं सांगितलं.

"टोपीचं काम छान केलंस," ते म्हणाले. "आता ये परत. सभाबिभा नको."

"साहेब, दारूचं मी लिहिलं होतं. ते मागे घेऊन येतो."

"अरे राव, तिकडे उभं राहून काही कबूल केलंस तर सगळ्या गाड्या आपल्या गळ्यात पडतील. तू टेक्निकल माणूस आहेस, टेक्निकल राहा ना."

"टोपीचं कंपनीने ठरवावं, मी बोलणार नाही. दारूचं माझं आहे, ते बोलणार."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तरी जाणार, साहेब."

"मग आल्यावर आधी मला भेट," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

संघटनेची सभा सिमेंटच्या फुटबॉल मैदानावर भरते. देशाचं सरकार कितीही डळमळीत असो, हे सरकार घट्ट होतं. उशिरा येणाऱ्याला दंड, न येणाऱ्याला जास्त. बायका एका बाजूला जमिनीवर रंगीत फडकी पसरून बसल्या होत्या. अध्यक्ष डॉन एउसेबियो नावाचे वाळके गृहस्थ हातात शिट्टी घेऊन उभे. ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्यायचं, मग हात वर करून ठराव. आमच्याकडे ग्रामसभेचा कोरम भरायला माणसं चहाच्या टपरीवरून पकडून आणावी लागतात. इथे एका गटाराच्या झाकणावर इतकी चर्चा झाली की ऊन माझ्या डोक्यावरून मानेवर आलं. मग नगराध्यक्षांना शिव्या झाल्या, मग लिमाला. फाउस्तिनो मैदानाच्या कडेला, जाळीबाहेर सायकलपाशी उभे होते. काढलेल्या सदस्याला आत यायची परवानगी नसते.

एउसेबियोंनी शिट्टी वाजवली. "भारतातून एक इंजिनियर आलेत. कंपनीने पाठवलंय."

"किटली आणलीय का विचारा!" मागून कोणीतरी ओरडलं. मोठा हशा पिकला.

मी पुढे गेलो. यानेत शेजारी उभी राहिली. मी म्हणालो, "कंपनीने मला केबल बघायला पाठवलं. इथे मात्र मी माझ्या जबाबदारीवर उभा आहे. फाउस्तिनोंबद्दलचं जे उत्तर इथे वाचलं गेलं, ते मी लिहिलं होतं. ते खोटं आहे."

पुढच्या रांगेतला एक जाडजूड माणूस उठला. हाच तो फाउस्तिनोंचा मेव्हणा, यानेतने हळूच सांगितलं.

"खोटं म्हणजे कसं?" तो म्हणाला. "गाडी भिंतीवर गेली ना? दारूने नाही तर कशाने गेली? ते सांगा, नाहीतर तुम्ही नुसतं गोड बोलायला आलात."

मी हे ठरवून आलो होतो की टोपीचं बोलायचं नाही. पण प्रश्न बरोबर होता. कारण न सांगता नुसतं खोटं म्हटलं असतं तर त्या माणसावरचा डाग अर्धाच पुसला गेला असता, आणि अर्धा पुसलेला डाग जास्त दिसतो. मला शिंदेसाहेब आठवले, घराचे हप्ते आठवले, आणि तरी माझं तोंड उघडलं.

"आमच्या केबलने," मी म्हणालो. "तिच्यावरची रबराची टोपी तुमच्या उन्हात तडकते, आत पाणी जातं आणि थंडीत गोठतं. तुम्ही रोज सकाळी किटलीने वितळवता तेच पाणी. त्या दिवशी ते फाउस्तिनोंच्या केबलमध्ये गोठलं होतं."

यानेतचं भाषांतर संपल्यावर मैदानात गलका उसळला. एउसेबियोंना तीनदा शिट्टी वाजवावी लागली. मी थांबलो. मग जाळीकडे वळलो, म्हणजे सभेकडे माझी बाजू आली आणि फाउस्तिनोंकडे तोंड. ते सायकलच्या दांड्याला धरून सरळ उभे होते. मी मोठ्याने बोललो, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं, आणि प्रत्येक वाक्यानंतर यानेतसाठी थांबत गेलो.

"डॉन फाउस्तिनो, मी तुम्हाला पाहिलं नव्हतं, तुम्हाला काही विचारलं नव्हतं. तुम्ही तुमच्या गाडीची पूजा दाखवलीत आणि मी त्यात फक्त बाटली बघितली. माझ्या सहीने तुमचं जाकीट गेलं, तुमचं नाव गेलं, आणि ते कळल्यावरही मी बरेच महिने गप्प बसलो. तुम्ही दारुडे नाही. तुमची काही चूक नव्हती, चूक माझी होती. तुमची, डोन्या एलेनांची आणि या सभेची मी माफी मागतो."